रकाना चौदा

मकाई दरवाज्यातून विद्यापीठाकडं जाताना
डाव्या हाताला पुंगळे झेरॉक्स.
पान दोन रुपये, टायपिंग वीस,
प्रबंधाची बाइंडिंग सोनेरी अक्षरांसकट अडीचशे.
आसरा मागायच्या अर्जाचा दर
माझ्या पाटीवर नाही.

मासूमा हैदरी आली तेव्हा लाइट गेलेली,
इन्व्हर्टर कण्हत होता.
एम.एस्सी. रसायनशास्त्र, व्हिसा संपायला एकवीस दिवस,
राहायला बेगमपुऱ्यात, पत्र्याच्या खोलीत.
दिल्लीच्या ऑफिसचा फॉर्म काउंटरवर ठेवून म्हणाली,
भैया, स्पेलिंग चुकली तर तारीख पुढं जाते.

नाव. वडिलांचं नाव. जमात.
मी विचारलं, म्हणजे जात का?
ती म्हणाली, तसंच समजा,
फक्त आमच्याकडं विचारावं लागत नाही,
डोळे बघून बसमधून उतरवतात.

रकाना चौदा: देश का सोडला ते सविस्तर लिहा.
खाली आखलेल्या आठ ओळी.

मी सोडला नाही, ती म्हणाली.
मी शिकायला आले. परतीचं तिकीटही होतं.
मग मार्झियाचा क्लास उडवला.

मार्झिया, धाकटी. शिकवणी वर्ग, गणिताचा तास.
पुढचा बाक मिळावा म्हणून
घरातून अंधारात निघायची.
मिळाला होता.

माझी बोटं कळांवर तशीच राहिली.
माझी पोरगी लातूरला आहे, नीटच्या क्लासला.
तीपण पाचला उठते. पुढच्या बाकासाठीच.
हे मी मासूमाला सांगितलं नाही.

नंतर दाराखालून चिठ्ठी आली,
मग दुसरी, तिच्यात वडिलांचं नाव.
वडील सरहद्दीपलीकडं गेले,
आई कुणाच्या तरी तळघरात, फोन आठवड्यातून एकदा.
हे सगळं आठ ओळींत बसवा, भैया.

मी फॉन्ट लहान केला.

आमचं गाव भूमकडचं.
रझाकारांनी गंजी पेटवल्या त्या रात्री
माझी आजी नवव्या महिन्यात चालत निघाली,
सरहद्द ओलांडून बार्शीकडं.
बाप कॅम्पात जन्मला, पालाखाली.
शाळेत मास्तरांनी जन्मगाव विचारलं,
त्यानं सांगितलं, कॅम्प. मास्तरांनी तेच लिहिलं.
हे आमच्या घरात खूपदा सांगतात.

कमी सांगतात ते असं,
की फौज आल्यावर आमचे लोक गावात परतले
तेव्हा मोमीनवाड्यात चुली गार होत्या,
मागावर अर्धं विणलेलं पातळ.
शेख इमामनं कुणाची गंज पेटवली नव्हती.
तो कुठल्या वाटेनं गेला
हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही,
आणि त्याचा अर्ज कुणी टाइप केला नाही.

पुरावा जोडा, असं फॉर्मच्या शेवटी होतं.
तिनं मोबाइल पुढं केला. वहीच्या पानाचा फोटो.
एक गणित, अर्धं सोडवलेलं,
कोपरा करपलेला.
पहिली प्रिंट सगळी काळी आली.
दुसरी जरा उजळ करून काढली, तेव्हा आकडे दिसले.
मी पैसे नको म्हणालो.
तिनं चौऱ्याऐंशी रुपये मोजून ठेवले,
चिल्लर वरची वर. पावतीही मागितली.

ती दर शनिवारी येते, स्टेटस बघायला.
विचाराधीन, असं येतं स्क्रीनवर.
ती ते वाचते, मान हलवते,
समोरच्या टपरीवर बिनदुधाचा चहा सांगते.
व्हिसा कधीच संपलाय. पोलीस आयुक्तालयातला बाबू
शिक्का मारत नाही, हाकलतही नाही.

काल रात्री पोरीचा फोन आला, रडवेली.
बाबा, उशीर झाला, पुढं जागाच नव्हती,
एकदम मागं बसावं लागलं, दाराजवळ.
एरवी मी ओरडलो असतो.
म्हणालो, असू दे.
उद्यापण तिथंच बस.